एकनळीचा साज

आमच्या घरमालकांच्या स्कूटरला आरसे किती आहेत, हे मोजायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. हँडलला दोन कंपनीचे, त्यांच्यावर दोन गोल, पुढे एक लांबट, आणि मागे बसणाऱ्याला आपला भांग बघता यावा म्हणून एक काकांच्या हेल्मेटच्या पाठीला. खोली दाखवायला ते मला त्या स्कूटरवरून घेऊन गेले, तेव्हा विजापूर रोडवरची सगळी वाहनं मला मागून, बाजूनं, उलटी, सुलटी दिसत होती. समोर काय आहे तेवढं मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

"काका, एवढे आरसे कशाला?" मी विचारलं.

"कंपनी निस्ता सांगाडा देती मॅडम," काका म्हणाले. "गाडी आपण बनवायची असती."

मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरीला लागले होते. मूळची माळशिरसची. मला चौकशा फार. आई म्हणायची, हिला देवानं नाक जरा पुढंच बसवून पाठवलंय. त्यामुळे असल्या माणसाच्या वरच्या मजल्यावर राहायला मिळणं हे माझं नशीबच म्हणायचं. काकांनी तीस-एक वर्षं गाड्यांच्या सजावटीचं दुकान चालवलं होतं. सीट कव्हरं, हॉर्न, चाकाच्या टोप्या, नंबरप्लेटवरचे वाघ. आता दुकान भाड्यानं दिलं होतं, पण हात थांबायला तयार नव्हते. तुळशीला लुकलुकणारी माळ होती. काकूंच्या मिक्सरला स्कूटरची मूठ बसवली होती. मी राहायला गेले त्या आठवड्यात माझ्या दाराला बाहेर बघायची भिंगं दोन लागली, एक माझ्या उंचीचं आणि एक, मला भेटायला कधी आई आली तर तिच्या उंचीचं.

त्यांच्याकडे बंदूक आहे हे मला कळलं ते पार्सलांमुळे. काका दिवसा बाहेर भटकत आणि काकू पार्सलं घ्यायला नकार देत, म्हणून ती माझ्या नावानं कारखान्यावर येत. एका रविवारी मी विचारलंच, "काका, ह्यात असतं तरी काय?" त्यांनी मला खाली बोलावलं, कपाट उघडलं आणि रेक्झिनच्या लांब पिशवीतून ती वस्तू काढून दिवाणावर ठेवली.

प्रथम मला वाटलं, हे नळ दुरुस्तीचं काहीतरी असावं. खाली दोन पायांचा घडीचा स्टँड. वर दुर्बीण. डाव्या अंगाला जाडजूड बॅटरी, उजव्या अंगाला लाल ठिपका टाकणारा लेझर. खांद्याला टेकायच्या जागी फोमची गादी, आणि तिला सीट कव्हरचं तेच मरून रेक्झिन, शिलाईसकट. सगळीकडे लष्करी रंगाची पट्टी गुंडाळलेली. एका बाजूला मोबाईल अडकवायची पकड होती, आणि मागच्या टोकाला होकायंत्र.

"होकायंत्र?"

"रानात माणूस चुकतो की."

"स्वतःच्या शेतात?"

"लई पीक वाडलं की चुकतो," काका गंभीरपणे म्हणाले.

ह्या सगळ्याच्या आत त्यांच्या वडलांची एकनळी बंदूक होती. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून त्यांची शेती. रानडुकरांपासून पीक राखायला वडलांनी रीतसर लायसन काढलेलं, आणि ते गेल्यावर थोरला म्हणून काकांच्या नावावर झालेलं. शेती मात्र धाकटा भाऊ करायचा. काका त्याला कानडीत तम्मा म्हणत आणि तो ह्यांना अण्णा.

मी खोदून खोदून विचारायची आणि काका न कंटाळता सांगायचे. बॅटरी कशाला? तर अंधारात पुढं डुक्कर हाय का माणूस हाय ते बघितल्याबिगर चापाला बोट लावू नये. हे मला पटलं. गादी कशाला? तर बंदूक मागं धक्का देती. हेही खरं. दुर्बीण कशाला, छऱ्यांची बंदूक तर जवळूनच मारायची असते ना? तर लांबनं ओळख पटती. त्यांच्याजवळ प्रत्येक वस्तूचं कारण होतं, आणि एकेकटं ऐकलं तर त्यातलं एकही अगदीच खोटं नव्हतं. सगळं मिळून दिवाणावर ठेवलं की मात्र हसू आवरायचं नाही. हे कितव्या वस्तूपाशी बिघडलं असेल, ह्याचा मी बरेचदा विचार करायची. मला ती जागा कधी सापडली नाही.

त्यांचे गुरू मोबाईलमध्ये होते. संध्याकाळी काका ओट्यावर बसून परदेशातल्या बंदूकवाल्यांचे व्हिडिओ बघत. तिकडं म्हणे कुणीही साधा माणूस दुकानात जाऊन बंदूक घेतो आणि मग तिला हे सगळं लावत बसतो. एक दाढीवाला त्यांचा विशेष आवडता. "हे बगा मॅडम, ह्यो बाबा पण शेतकरीच हाय. मागं मका दिसतोय का न्हाय?" मका दिसत होता. दाढीवाल्याच्या बंदुकीला काकांच्या बंदुकीपेक्षाही जास्त लोंबत होतं. खाली लोकांनी काय लिहिलंय ते काकांनी मला मराठीत सांगायला लावलं. तिथंही दोन तट होते. एकानं लिहिलं होतं, एवढं ओझं लावलंस तर नेम धरायच्या आधी हात भरून येईल. घरच्या माणसाला लढाईची बंदूक कशाला?

"जळतोय," काका म्हणाले. "त्याला परवडत नसंल."

काकू आतून ओरडल्या, "साकु री, साकु! आता हिला उचलायला दोन माणसं लागत्यात."

साकु म्हणजे पुरे, हा मी शिकलेला पहिला कानडी शब्द. त्या घरात तो दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचा.

त्या वर्षी निवडणूक आली आणि नियमाप्रमाणे लायसनवाल्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागल्या. मी सोबत गेले. मला राहवतंय कुठलं. हवालदारानं पिशवी उघडली, आत पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, "काका, ह्यात बंदूक कुठली तेवढी दाखवा." काकांनी बोट ठेवून दाखवली. मग त्यांनी त्याला बजावलं की दर आठ दिवसांनी ही वायर चार्जिंगला लावायची, नाहीतर सेल बसतात. हवालदार वर्दीतच उभा राहून "बरं" म्हणाला. मला वाटतं, त्याच्या नोकरीत बंदुकीला चार्जिंग लावायचा तो पहिलाच हुकूम असावा.

बंदूक परत आली त्याच सुमारास तम्मा आला. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. चहाची कपबशी खाली ठेवून तो म्हणाला, "अण्णा, मका कणसात आलाय. डुकरं रोज येत्यात. तू ये, न्हायतर बंदूक माझ्या नावावर कर."

"येतो की. जरा लेझरचं सेटिंग राहिलंय."

"गेल्या साली दुर्बिणीचं राहिलं होतं. त्याच्या आदी गादीचं." तम्मानं आवाज चढवला नाही. "खंडेनवमीपतोर एक बार काढ रानात. तुझ्या हातनं निघाला तर बंदूक तुझी. न्हाय निघाला तर मी घेऊन जातो. आप्पाची बंदूक कपाटात ठिवायला न्हाय."

तम्मा गेल्यावर बराच वेळ ते दुर्बिणीची काच पुसत बसले. त्यांना ती बंदूक किती हवी होती ते तेव्हा मला दिसलं. वडलांची म्हणून घरात दुसरी एकही वस्तू नव्हती.

भाद्रपदातल्या एका शनिवारी आम्ही शेतावर गेलो. काका, काकू, मी आणि ती. रात्री मुक्काम केला आणि पहाटे उजाडायच्या बेताला बांधावर जाऊन बसलो. काकांनी अंगात कप्प्यांचं जाकीट घातलं होतं, कमरेला काडतुसांचा पट्टा, डोक्यावर पट्ट्यानं बांधलेला दिवा. तम्मा हातात काठी घेऊन मागे उकिडवा बसला. काकू घरी भाकरी करत होत्या.

काकांनी स्टँडचे पाय उघडले. बांध उतरता होता, एक पाय आखूड केला. दुर्बिणीची टोपी काढली. मग लेझर लावला, पण तोवर फटफटलं होतं आणि लाल ठिपका कुठं पडतोय तो कुणालाच दिसेना. काका ठिपका शोधत होते तेवढ्यात मक्यातून डुकरं निघाली. एक मोठं आणि मागे चार-पाच. आमच्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर ती उभी राहिली. मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या जवळून रानडुक्कर पाहिलं. त्याच्या सुळ्याला मक्याचं पान अडकलं होतं. तम्मा अगदी हळू म्हणाला, "अण्णा, हान."

"थांब. होकायंत्र अडवतंय."

डुकरांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांनाही उत्सुकता असावी. मग ती सावकाश ओढ्याकडे निघून गेली.

तम्मा उठला. त्यानं बंदूक हातात घेतली, मधून वाकवून उघडली, नळीत पाहिलं, आणि काकांच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. पट्ट्याच्या एकेका खोबणीत बॅटरीचा एकेक जाड सेल नीट बसवलेला होता. काडतूस एकही नव्हतं.

"काडतुसं कुटं हायत?"

काकांनी जाकिटाचे सगळे कप्पे चाचपले. पेचकस निघाला, ओला फडका निघाला, होकायंत्राचा जादा काटा निघाला. "कपाटात राहिली," ते म्हणाले.

तम्मा हसला नाही, चिडलाही नाही. "चला, भाकरी खाऊ," म्हणाला.

परतीच्या वाटेवर भाड्याच्या मोटारीत काका खिडकीबाहेर बघत राहिले. मी मात्र आतून नुसती उकळत होते. एवढं सामान आठवणीनं आणणारा माणूस काडतुसंच कशी विसरतो? घरी आल्यावर काका आंघोळीला गेले आणि मी स्वयंपाकघरात काकूंना गाठलं.

"विसरलेत व्हय!" काकू शेंगा भाजत होत्या, हात थांबला नाही. "त्यांनी जन्मात एकच बार काढलाय, पोरी. बारीक असताना सासऱ्यांनी बांधावर नेऊन खांद्याला लावून दिली बंदूक. बार निघाला, हे पडले उताणे, बंदूक एकीकडं आन् हे एकीकडं. लई रडले. आन् सासरे ते सांगत फिरले ना गावभर. आमच्या थोरल्यानं डुकराच्या आदी बंदूकच पाडली म्हणून. माझ्या लग्नाच्या मांडवात पण सांगितलं. समदा मांडव हसला. मी पण हसले, मला काय ठावं."

मग मला एकेक आठवायला लागलं. दिवाळीत काका मधल्या खोलीत रेडिओ मोठा करून बसायचे. गणपतीच्या मिरवणुकीत फटाके सुरू झाले की त्यांना घरी काहीतरी काम निघायचं. दुकानात जन्मभर हॉर्न विकले, पण गिऱ्हाइकालाच दाबून बघायला सांगत आणि स्वतः फुटपाथवर जाऊन उभे राहत, ही गोष्ट तर ते स्वतःच गंमत म्हणून सांगायचे. मला फार वाईट वाटलं. गादी लावली तेव्हा त्या चापापासून सुटायला एक वर्ष मिळालं असेल, दुर्बीण लावली तेव्हा आणखी एक. आणि मी वरच्या मजल्यावर बसून हसत होते, ही वस्तू कशाला आणि ती कशाला.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं आणि अवजारं पाटावर मांडून पूजा करतात. काकूंनी विळी, सुरी, कात्री मांडली. काकांचे पाने आणि पेचकस मांडले. मला म्हणाल्या, तू पण तुझं काय असंल ते आण. मी कारखान्यातला माझा मापाचा व्हर्नियर आणून ठेवला. तम्मा सकाळच्या एसटीनं आला होता आणि भिंतीला टेकून बसला होता. शेवटी काकांनी बंदूक आणून मधोमध ठेवली, स्टँडवर उभी.

काकूंनी विळीला हळदकुंकू वाहिलं, कात्रीला वाहिलं, माझ्या व्हर्नियरलाही वाहिलं. मग बोटावर कुंकू घेऊन त्या बंदुकीपाशी आल्या आणि थांबल्या. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"कुंकू कुटं लावू?"

"लाव की कुटं पण," काका म्हणाले. "बॅटरीवर लाव."

"बॅटरीला मी कुंकू लावत न्हाय."

"मग दुर्बिणीला."

"ती परवा पार्सलातनं आली. मी सासऱ्यांच्या बंदुकीला कुंकू लावते, लगीन होऊन आल्यापासनं. गेल्या साली ही पट्टी तरी नव्हती. ती कुटं हाय ते दाखवा." त्यांचं बोट तसंच हवेत होतं. "बोटभर लोखंड मोकळं करा री. मी थांबते."

काकांनी तम्माकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पाटावरचा, नुकतंच कुंकू लावलेला पेचकस उचलला.

बोटभर जागेनं भागणार होतं, पण त्यांचा हात तिथं थांबला नाही. होकायंत्र निघालं. मोबाईलची पकड निघाली. लेझर, दुर्बीण, स्टँडचे पाय. फोमची गादी निघताना रेक्झिनची शिलाई त्यांनी इतक्या जपून उसवली की जणू गिऱ्हाईक समोर उभं आहे. शेवटी त्यांनी पट्टी उलगडायला घेतली, ती किती तरी वेळ उलगडत होती. आणि मग पाटावर एक सडपातळ, जुनी, काळसर बंदूक राहिली. लाकडी दस्ता हात लागून लागून गुळगुळीत झालेला. दस्ता आणि नळी जिथं मिळतात तिथं, वर्षानुवर्षाच्या कुंकवाचा लालसर डाग होता. काकूंनी बरोबर तिथंच बोट टेकवलं.

एवढीशीच होती ती. मला वाटलं होतं, आत काहीतरी मोठं असेल.

"घेऊन जा तम्मा," काका म्हणाले.

"अण्णा, अजून आजचा दिवस हाय. चल, संध्याकाळच्या गाडीनं जाऊ, एक बार काढ. मग ठेव तुझ्याकडं. मला नको."

"मला आवाज सोसत न्हाय," काका म्हणाले. पेचकस फडक्यानं पुसत, खाली बघत म्हणाले. "पहिल्यापासनं. गादी लावली तरी सोसत न्हाय."

काकू निरांजनाची वात सारखी करत राहिल्या.

"मग आदी सांगायचं की," तम्मा म्हणाला. "मी काय हसलो असतो?"

"हसला असतास."

तम्मानं जरा विचार केला. "व्हय," तो म्हणाला. "हसलो असतो."

मग दोघंही हसले, आणि मला वाटतं ते त्या दिवसापुरतं दोघांनाही बरं झालं. तम्मा बाजूच्या ढिगापाशी गेला. एकेक वस्तू उचलून त्यानं खाली ठेवली. बॅटरी मात्र हातातच राहिली. बटण दाबून त्यानं उजेड भिंतीवर टाकला, परत बंद केला. "अण्णा, ही तेवढी राहू दे. कडब्यात माणूस हाय का जनावर, दिसत न्हाय बघ मला आताशा."

काकांचा चेहरा खुलला. "मी सांगत होतो का न्हाय मॅडम?" ते मला म्हणाले, आणि ताबडतोब ती बॅटरी नळीला कशी बसवायची ते तम्माला शिकवायला बसले.

लायसन बदलणं म्हणजे कचेरीचं काम. अर्ज, पोलिसांची चौकशी, तम्माची तपासणी. तोवर बंदूक ठाण्यात जमा. त्यात एक ज्वारी गेली. उरलेला साज काकांनी वाया जाऊ दिला नाही. होकायंत्र स्कूटरला लागलं. मोबाईलची पकड माझ्या गाडीला लागली. मरून गादी काकूंच्या पाटाला लागली, आणि त्या कुरकुरत का होईना तिच्यावरच बसायला लागल्या. दाढीवाल्याचे व्हिडिओ मात्र काका बघेनासे झाले.

दुसरी ज्वारी हुरड्यात आली तेव्हा एका सकाळी तम्माचा फोन आला. बंदूक हातात मिळाली, डुकरं बांधापर्यंत येऊन गेलीत, आता हवेत एक बार काढून ती पार ओढ्यापलीकडं घालवतो, एवढं सांगायला. मी खाली दूध आणायला आले होते.

"थांब," काका म्हणाले. "फोन चालूच ठेव. मग काढ."

त्यांनी फोनचा आवाज मोठा करून तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः मागे मागे जात दाराच्या चौकटीपाशी उभे राहिले. एक हात कडीवर. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. फोनमधून वारा ऐकू येत होता, तम्माच्या पायाखालची ढेकळं ऐकू येत होती. "काढतो बघ अण्णा," तो म्हणाला.

टप्प.

कुणी पाटावर वाटी पालथी घालावी तेवढा आवाज झाला. मग पाखरं ओरडली, आणि परत वारा.

"काढला का?" काकांनी दारातूनच विचारलं.

"काढला की."

"एवढाच?"

"फोनमधनं एवढाच येतो," काकू हळूच म्हणाल्या. पण काकांना ते ऐकू गेलं नसावं. ते टेबलापाशी आले होते. फोनकडे बघत उभे राहिले, कडीवरचा हात कधी सुटला ते त्यांनाही कळलं नसेल.

"तम्मा, अजून एक काढ."

"गेली की डुकरं."

"डुकरासाठी न्हाय," काका म्हणाले, आणि फोन उचलून त्यांनी कानाला घट्ट लावला.